दर जुलैला कीटकघराला बुरशी लागते? आधी भिंतीकडची बाजू बघा

सलग तीन पावसाळे माझ्या बागेत एकच गोष्ट घडली. कीटकघरात, म्हणजे एकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी टांगलेल्या पेटीत, माश्यांनी अंडी घालून फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद केलेल्या बांबूच्या नळ्या व्यवस्थित फुटायच्या, माश्या बाहेर पडायच्या. पण मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर ज्या नळ्या बंद व्हायच्या, त्या कुजायच्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पानाच्या बुचावर पांढरी लव, मग हिरवट-काळे ठिपके, आणि गणपतीपर्यंत नळीला आंबूस वास. ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं तरी त्यातून कोणी बाहेर यायचं नाही. मी त्या नळ्या फेकायचे, नव्या भरायचे, आणि पुढच्या जुलैला पुन्हा तेच.

तुमच्याकडेही असं होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कारण सापडायला माझी तीन वर्षं गेली, तुमची वाचावीत.

आमचं घर ठाण्यात शिवाईनगरला, तळमजल्यावर. मागे दहा-बारा फुटांची मातीची पट्टी, तिथे तुळस, सब्जा, दोन गुलाब, कुंपणाला लागून एक आपटा. पलीकडे येऊरचा डोंगर असल्यामुळे कीटकांना तोटा नाही. कीटकघर म्हणजे समोरून उघडी लाकडी पेटी आणि तिच्यात आडव्या रचलेल्या बांबूच्या नळ्या. तिथे राहायला येतात त्या पानकापी माश्या, कुंभारणी, सुयांसारख्या बारीक कमरेच्या लहान गांधीलमाश्या आणि जाड नळी मिळाली तर काळा भुंगा. यातलं कोणी पोळं करत नाही. प्रत्येक मादी एकटी येते, नळीच्या आत कोठडी करते, तिच्यात पिल्लाचं खाणं भरते, एक अंडं घालते, कोठडी बंद करते आणि पुढची करायला घेते. राखायला पोळंच नसल्यामुळे या अंगावर येत नाहीत. शेजारच्या काकूंना हे पटायला एक अख्खा उन्हाळा लागला, कारण माशी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर आग्या मोहोळ यायचं.

पहिल्या वर्षी मला वाटलं, समोरून झड येते. म्हणून छप्पर पुढे वाढवलं. बुरशी आली. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात पेटीच्या तोंडावर जाड प्लॅस्टिक बांधलं, तर आतून त्यावर पाण्याचे थेंब जमले आणि नळ्या आधीपेक्षा लवकर गेल्या. तिसऱ्या वर्षी बांबूच्या तोंडांना वॉर्निश लावलं. त्या वासाने मार्च संपेपर्यंत एकही माशी फिरकली नाही, आणि जुलैला जे व्हायचं ते झालंच.

तेव्हा मी एक नळी फोडायची ठरवली. मन होत नव्हतं, पण न फोडता कळणारही नव्हतं. मेच्या अखेरीस बंद झालेली एक नळी काढली, कोयत्याने उभी चिरली आणि वर्तमानपत्रावर ठेवली. आत सात कोठड्या होत्या. एकेक कोठडी म्हणजे आपट्याच्या आणि गुलाबाच्या पानांचे गोल-लांबट तुकडे एकावर एक चढवून केलेली विडीच, तिचा तळ मागच्या विडीच्या तोंडात बसवलेला. पुढच्या दोन कोठड्या कोरड्या होत्या, आणि त्यांत मेणासारख्या पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या होत्या, जिवंत. तिसरीपासून पानं काळी पडत गेलेली. सगळ्यात मागच्या तिन्हींत परागाचा गोळा पातळ होऊन चिकट झाला होता, त्यावर करडी बुरशी, आणि अळीच्या जागी एक सुरकुतलेली साल.

पाणी पुढून आलं असतं तर पुढच्या कोठड्या आधी गेल्या असत्या. इथे सगळं उलटं होतं. पाणी मागून येत होतं.

माझी पेटी परसाच्या भिंतीला दोन खिळ्यांवर अगदी चिकटून टांगलेली होती. ही भिंत पावसाळ्यात ओल धरते, आतल्या खोलीत पोपडे येतात ते आम्ही दर वर्षी खरवडतो, पण त्या ओलीचा आणि पेटीचा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नाही. भिंत ओली, तिला टेकलेली पेटीची फळी ओली, फळीला टेकलेलं बांबूचं पेर ओलं. बांबू ती ओल आडवी ओढून घेतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त लागली. या माश्यांमध्ये मादी आधी, म्हणजे नळीच्या तळाशी, फलित अंडी घालते. त्यातून मुली होतात. तोंडाकडच्या कोठड्यांत ती अफलित अंडी घालते, त्यातून मुलगे होतात. मुलगे आधी बाहेर पडतात, मुली मागून. म्हणजे भिंतीची ओल नेमक्या मुलींना मारत होती. दर वर्षी थोडे नर बाहेर पडत होते, मला वाटत होतं काहीतरी जगलं, आणि पुढची पिढी घालायला मादी उरत नव्हती. पेटीत येणाऱ्या माश्या दर वर्षी कमी का होत होत्या, ते त्या दिवशी कळलं.

तेव्हा तुमच्याकडे बुरशी असेल तर आधी एक कुजलेली नळी फोडून बघा, बुरशी कुठून सुरू झाली ते.

मागून सुरू झाली असेल तर भिंत. खात्री करायची असेल तर पावसात भिंतीवर वीतभर चौकोनी फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. उपाय सोपा आहे, पेटी भिंतीपासून सोडवा. मी मागे चारी कोपऱ्यांना दोन-दोन इंचांचे लाकडी गट्टू ठोकले आणि पेटी छज्जाच्या हुकांना तारेने लटकवून खालून एक तार बांधली, म्हणजे वाऱ्याने हलत नाही. डुलणाऱ्या पेटीत माश्या येत नाहीत. मागून हात फिरेल एवढी फट हवीच, वारा तिथूनच खेळतो.

पुढून सुरू झाली असेल तर पेटीची दिशा आणि छप्पर बघा. मी पहिल्यांदा वाचलेल्या सगळ्या सूचना युरोपातल्या होत्या. पेटीचं तोंड दक्षिणेला करा असं त्यांत असायचं, कारण युरोपात ऊन कमी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येचा, ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड केलं तर सरी सरळ नळीत जातात आणि एप्रिल-मेच्या दुपारी आतलं पिल्लू भाजतं. तोंड पूर्वेला करा. सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळतं, माशीला उडण्याआधी अंग तापवायला ते पुरतं, आणि पावसाकडे पाठ राहते. छप्पर नळ्यांच्या तोंडांपेक्षा किमान चार इंच पुढे हवं, आणि पेटीला पुढच्या बाजूला किंचित उतार द्या. मी मागे खाली पाव इंचाची पट्टी सरकवली आहे. आत आलेला थेंब परत बाहेर येतो.

आणि पूर्ण नळी सारखीच बुरशीने भरली असेल तर दोष नळीचा. काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी, स्ट्रॉ, पॉलिश केलेला बांबू, यांतून ओल बाहेर जातच नाही. परागात पाणी असतं, अळीच्या श्वासात असतं, ते जायला वाट हवी. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पेट्यांत पाइनची सुकी फळं, लाकडाचा भुसा आणि समोर काच अशी सजावट असते. ती सगळी काढून टाका. त्या फळांत आमच्याकडे झुरळं राहत होती, दुसरं कोणी नाही.

नळीचं सांगायचं तर मी आता बाजारातला तयार तुकडा घेत नाही. बुरुडाकडून बारीक बांबू आणते, पावसाळा संपल्यानंतर तोडलेला, औषध न मारलेला. आपले जुने लोक अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडावा म्हणतात. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण तोडीचा मोसम महत्त्वाचा हे खरं आहे. बांबूत पिष्टमय पदार्थ जास्त असला की त्याला बारीक भुंगेरे लागतात. नळीखाली पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर समजा, लागले. त्यावर गावाकडचाच उपाय, बांबू पाण्यात भिजवणं. नदी-ओढ्याचं वाहतं पाणी आपल्याकडे नाही, म्हणून मी ड्रममध्ये तीन-चार आठवडे बुडवून ठेवते आणि डास होऊ नयेत म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलते. ते पाणी घाण मारतं, गटारात ओता, झाडांना नको. मग सावलीत तीन आठवडे वाळवायचा. उन्हात वाळवला तर तडकतो, आणि तडकलेल्या नळीत परजीवी कीटक बाजूने शिरतात.

कापताना गाठीच्या लगेच मागे कापा, म्हणजे गाठ हीच मागची भिंत होते. दोन्हीकडून उघडी नळी माशी घेत नाही. लांबी १५ सेंटिमीटर तरी हवी. तळाच्या कोठड्या मुलींच्या असतात हे वर सांगितलंच आहे, नळी आखूड असली की मादी मुलगेच जास्त घालते. तोंड पॉलिश पेपरने आतून घासा, एकही कूस उभी राहता कामा नये. माशी उलटी मागे सरकते तेव्हा पंख फाटतात. मी प्रत्येक नळीच्या तोंडावर करंगळी फिरवून बघते, बोटाला बोचलं तर पुन्हा घासते. भोक ३ पासून १० मिलिमीटरपर्यंत वेगवेगळं ठेवा, पानकापीला ६ ते ८ लागतं. भुंग्यासाठी एखादा जाड, १५ मिलिमीटरच्या वरचा तुकडा पेटीबाहेर वेगळा बांधा. बोरूची कांडी आणि पपईच्या पानाचा वाळलेला देठही लहान माश्यांना चालतो, फक्त देठ एका हंगामापुरता. लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडत असाल तर सालीकडच्या बाजूने पाडा. कापलेल्या गोल तोंडावर पाडली की ठोकळा वाळताना त्याच भोकांतून चिरतो.

जाड बांबूत मी आता कागदाची आतली नळी घालते. साधी लिहायची पेन्सिल सातएक मिलिमीटर जाड असते. तिच्यावर ब्राउन पेपर दोन-तीन वेळा गुंडाळायचा, कडेला पिठाची खळ, मागचं टोक मुडपून बंद. पेन्सिल काढली की नळी तयार. पावसाळ्याआधी ही कागदी नळी अलगद ओढून बाहेर काढता येते, आणि बुरशीच्या त्रासातून मला सुटका मिळाली त्यात निम्मा वाटा हिचा आहे.

त्याचं असं की आता मेच्या अखेरीस, मान्सून यायच्या आठवडाभर आधी, मी पेटी उतरवते. संध्याकाळी उशिरा, म्हणजे मादी नळीत झोपलेली असली तर कळतं. टॉर्च मारली की नळीत दोन डोळे किंवा पोटाचं टोक दिसतं. बंद झालेल्या नळ्या वेगळ्या काढून त्या लाकडी फळ्यांच्या एका उभ्या खोक्यात आडव्या ठेवते, झाकणाला पूर्वेकडे बोटभर जाड भोक. खोकं ओटीवर, पाऊस लागत नाही पण हवा खेळते अशा जागी. प्लॅस्टिकचा डबा नको. फ्रीज तर मुळीच नको. युरोपात ऑस्मिया जातीची माशी वसंतात काम करते आणि कोशात अख्खी थंडी काढते, म्हणून तिथले लोक कोश थंड जागी ठेवतात. आपल्या माशीला तसली थंडी माहीतच नाही, तिची एक पिढी महिना-दीड महिन्यात होते आणि वर्षातून कितीतरी वेळा होते. आपल्याकडे कठीण काळ थंडीचा नाही, पावसाचा आहे. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की सूचनांमधला कुठला महिना कुठे सरकवायचा ते आपोआप कळतं.

नळ्या हलवताना त्या फिरवू नका. जी बाजू वर होती तीच वर राहू द्या, मी पेन्सिलीने वर एक रेघ मारून ठेवते. अंडं परागाच्या गोळ्यावर टेकलेलं असतं, ते खाली गेलं तर अळीला खाणं सापडत नाही.

खोक्यातल्या माश्या उजेडाच्या दिशेने भोकातून बाहेर पडतात आणि परत त्या अंधाऱ्या खोक्यात शिरत नाहीत, त्यामुळे जुन्या घाण नळ्या पुन्हा वापरल्या जात नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण परागावर जगणारे बारीक माइट जुन्या नळ्यांतच वाढतात. नळी रिकामी झाली की कागद फेकायचा, बांबू दोन वर्षांनी बदलायचा. रिकामी पेटी जून ते सप्टेंबर तशीच छज्जाखाली टांगलेली असते, थोड्या नव्या नळ्यांसह. श्रावणातल्या उघडिपीत कुंभारीण येते, तिला ओली माती हवीच असते. नवरात्रानंतर, ऊन पक्कं झालं की, सगळ्या नळ्या भरून टाकते. माझ्या बागेत ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी ते एप्रिल हे सगळ्यात वर्दळीचे महिने. तुळशीच्या मंजिऱ्या तेव्हा खुडू नका.

बूच मातीचं दिसलं तर ते माशीचं नसावं असं समजून काढू नका. कुंभारणीला तुम्ही ओळखता, प्लगच्या भोकात माती भरून ठेवणारी तीच. आई तिचं घर मोडू द्यायची नाही. कुंभारणी कोठडीत बेशुद्ध केलेले कोळी भरतात, त्यांच्या काही बहिणी सुरवंट भरतात. सुरवंटवालीवरूनच आपल्या संतांचा भृंगी-कीटकाचा दृष्टांत आला. भृंगीने कीटकाला मातीच्या घरात कोंडलं, त्याने तिचा ध्यास घेतला आणि तोच भृंगी होऊन बाहेर आला. प्रत्यक्षात सुरवंट हा आतल्या अळीचा शिधा असतो, पण घर बंद होताना आणि महिन्याभराने फुटताना कोणीतरी बारकाईने पाहिल्याशिवाय असा दृष्टांत सुचत नाही, आणि मला त्या पाहण्याचं फार अप्रूप वाटतं. बागेपुरतं सांगायचं तर सुरवंटवाली पेटीत आल्यापासून माझ्या वांग्यांची पानं बरीच टिकतात.

बाकीच्या तक्रारी लवकर सुटतात. मुंग्या येत असतील तर तारेला दोन इंच ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा, पावसात दर पंधरा दिवसांनी पुन्हा. दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतो तशी, पेटी पायांवर उभी असेल तर, त्या पायांखाली पाण्याची वाटी ठेवू नका, डास होतात. मुंग्यांचा खडू तर अजिबात नको, तो माश्यांनाही मारतो. पाली जमत असतील तर वर ट्यूबलाइट आहे का बघा. दिव्यावर किडे, किड्यांवर पाल, आणि पहाटे बाहेर पडणारी माशी तिच्या तोंडाशी. दिवा किंवा पेटी, एक काहीतरी हलवा. बुचाला टाचणीएवढं भोक दिसलं तर आत परजीवी कीटक होता. हिरवी-निळी चकाकणारी छोटी माशी किंवा टोकदार पोटाची परक्या कोठडीत अंडं घालणारी माशी पेटीभोवती घिरट्या घालेलच. ती असणं म्हणजे घर भरलं आहे. अर्ध्याहून जास्त नळ्या तशा गेल्या, तरच दोन लहान पेट्या करून एकमेकींपासून लांब टांगा.

फवारणीवर मात्र लक्ष ठेवावंच लागतं. मागच्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीने बोलावलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनी कुंपणाच्या कडेने डासांचा धूर सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीखाली अकरा पानकाप्या पडलेल्या होत्या. काहींच्या पायांत अजून पानाचा तुकडा होता. मी त्या तळहातावर घेऊन सेक्रेटरींना दाखवल्या. त्यांनी वाद घातला नाही. आता फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप येतो, मी रात्री माश्या आत झोपल्यावर पेटीच्या तोंडाला सुती पंचा बांधते, पेटी उचलून घरात आणते आणि धूर पूर्ण विरल्यावर, दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर, त्याच हुकाला, त्याच दिशेला तोंड करून पुन्हा लावते. जागा हातभर जरी सरकली तर माशी जुन्या जागी येऊन हवेत घुटमळत राहते. म्हणून हुकाशेजारी भिंतीवर खडूने खूण केलेली आहे.